होडीवालीचा रंग

माझा राग एका कार्टूनवर आहे. असं सांगितलं की लोक आधी हसतात. मग मी हसत नाही हे बघून जरा चपापतात आणि म्हणतात, "अहो, पोरांचं कार्टून ते. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" मी मनाला लावून घेते. ज्यांना लावून घ्यायची वेळ आली नाही त्यांनी खुशाल हसावं.

मुळापासून सांगते. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही जळगावला मेहरूणच्या अंगाला राहत होतो. वडील पाटबंधारे खात्यात होते. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो, खानदेशात पुष्कळ घरांत म्हणतात तसं. आई शिरपूरकडची, तापीकाठची. मोठी बहीण, तिला मी अक्का म्हणते, ती माझ्याहून तीन वर्षांनी मोठी आणि आईसारखी गोरीपान. मी भाऊंवर गेले. म्हणजे काळी. सावळी, गव्हाळ, निमगोरी हे जे शब्द लग्नाच्या बाजारात वापरतात, त्यातला एकही माझ्या कामाचा नव्हता. शाळेत मला काळी म्हणायचे, दळण टाकायला गेले की गिरणीवाला काळी म्हणायचा, आणि पाहुणे आले की अक्काकडे बघून झाल्यावर माझ्याकडे बघून "ही पण तुमचीच का?" असं विचारायचे. वर हसायचे. पाहुण्यांना चहा मात्र मीच नेऊन द्यायचा.

त्या काळात भाऊंनी टीव्ही आणला. लाकडी दारांचा, काळा-पांढरा. आमच्या घरांच्या ओळीतला पहिला. रविवारी सकाळी आमच्या दारात चपलांचा नुसता ढीग पडायचा. आणि टीव्हीपाठोपाठ महिन्याभरात भाऊंनी बाजारातून एक रंगीत काच आणली. काच म्हणायची एवढंच, होतं ते प्लास्टिक. वर निळा पट्टा, मध्ये तांबूस-तपकिरी, खाली हिरवा. ती टीव्हीच्या पुढे अडकवली की काळ्या-पांढऱ्या टीव्हीचा रंगीत टीव्ही होतो, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं आणि आमच्या ओळीत कोणालाही त्यात खोट दिसली नाही. वर आभाळ निळं, खाली गवत हिरवं, मधली माणसं माणसांच्या रंगाची. आणखी काय पाहिजे? बातम्या सांगणाऱ्या बाईचं पातळ रोज हिरवंच दिसायचं. शेजारच्या काकूंची खात्री होती की तिला सरकारकडून तशीच पातळं मिळतात.

या काचेतून आम्ही ती मालिका पाहिली. कार्टूनचे छोटे छोटे सिनेमे होते, दर रविवारी एक. कुठल्यातरी परदेशातून आलेले. बोलणं जवळजवळ नाहीच, नुसतं संगीत, त्यामुळे भाषेची कुणाला अडचण नव्हती. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी, एकटी, एका होडीत बसून नदीने चाललेली असायची. सोबत एक शेळी. दर सिनेमात ती एका नव्या गावाच्या घाटाला लागायची. त्या गावात काहीतरी घोळ झालेला असायचा. कोणाचं गाढव गेलेलं, कोणाची पोर हरवलेली, कधी अख्ख्या गावाची घंटाच चोरीला गेलेली. काठाकाठाने एक चोरांची टोळी फिरायची, सगळं तिचंच काम. मग ही मुलगी डोकं लढवून ती वस्तू परत आणायची आणि कोणी आभार मानायच्या आत होडी ढकलून पुढे निघून जायची. नदीचं नाव कधी सांगितलं नाही. आईच्या मते ती तापीच होती. "मी तापीले वळखत नही का?" असं ती ठणकावून सांगायची, आणि शिरपूरच्या बाईपुढे तापीबद्दल कोण बोलणार?

आम्ही त्या मुलीला होडीवाली म्हणायचो. आता नीट ऐका. होडीवाली बहुतेक वेळ पडद्याच्या मध्यावर असायची. म्हणजे त्या तांबूस-तपकिरी पट्ट्याच्या मागे. म्हणजे तिचा चेहरा तपकिरी. एकदा मी उठून माझा हात टीव्हीला लावला होता. तिचा गाल आणि माझा हात, अगदी एकच रंग. मागे बसलेल्या बायकांनीही ते पाहिलं आणि एकजण म्हणाली, "देख व माय, तुन्हीच पोर शे ती!" आईला म्हणाली ती. आईने हसून मान डोलावली.

त्या दिवसापासून आमच्या ओळीत मला कोणी काळी म्हणालं नाही. खोटं सांगत नाही. लोक मला होडीवाली म्हणायला लागले. रविवारी मला सगळ्यांत पुढे बसायला जागा मिळायची. संगीत सुरू झालं की होडीवाली आली म्हणून बायका हाका मारायच्या, "ये व, तुनी होडीवाली उनी!" गिरणीवाल्याची बायकोही आमच्याकडे टीव्ही बघायला यायची, तिच्यामुळे गिरणीतही तेच नाव पोचलं. पडद्यावरची होडीवाली वल्हवायला खाली बसली की तिचा चेहरा हिरवा व्हायचा. तेव्हा आम्ही पोरं म्हणायचो, दमली बिचारी. डोलकाठीवर चढली की निळी व्हायची. तेव्हा तिला वर गार वारं लागतंय असं आम्ही समजून घ्यायचो. चोर तिच्यापेक्षा गडद दिसायचे, पण चोर रात्रीचेच येणार, त्यामुळे त्यातही कुणाला नवल वाटलं नाही. मे महिन्यात जळगावच्या उन्हाने ती काच वाकली आणि होडीवालीचं नाक जरा लांब दिसायला लागलं. त्यावरून भाऊंनी मला दोन दिवस नाक ओढून चिडवलं.

आणि अक्का! अक्काला हे सहन होईना. आजवर घरात-दारात सगळं कौतुक तिचं, आणि आता एकदम ही धाकटी पुढे. एका दुपारी ती जेवून गच्चीवर गेली आणि उन्हात बसून राहिली. जळगावचं वैशाखातलं ऊन म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. त्या वेळी गच्चीवर वाळत घातलेले पापड उलटायलासुद्धा आई तोंडाला फडकं बांधून जायची. आईने शोधून खाली आणलं तेव्हा अक्काचं तोंड भाजून लाल झालं होतं आणि ती ओकत होती. कशाला बसली होतीस, असं विचारलं तर रडत म्हणाली, "माले होडीवालीसारखं व्हनं शे." आईने तिला एका हाताने कांद्याचा रस लावला आणि दुसऱ्या हाताने धपाटा घातला. मला त्या वेळी मनातून फार बरं वाटलं. अजूनही वाटतं. साऱ्या महाराष्ट्रात माझ्या रंगाचं व्हावं म्हणून उन्हात बसलेली ती एकटीच मुलगी असेल.

मालिका एक दिवस संपली. कोणी सांगितलं नाही, पुढच्या रविवारी लागली नाही एवढंच. काही वर्षांनी भाऊंनी रंगीत टीव्ही घेतला, ओळीत पेढे वाटले आणि रंगीत काच माळ्यावर गेली. मी कॉलेजात गेले, तिथे पुन्हा काळी झाले. अक्काचं लग्न होऊन ती धुळ्याला गेली. मलाही मुलं बघायला येऊ लागली. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देव नाहीत, उपास नाहीत, पत्रिका आम्ही बघत नाही, मुहूर्त पाळत नाही. विहारात भाषणं होतात तेव्हा माणूस माणसासारखा आहे यावर सगळे टाळ्या वाजवतात. मी टाळ्या वाजवणारे ते हात ओळखते. तेच हात नंतर आमच्या घरी येऊन पोह्यांची बशी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "फोटोत जरा उजळ वाटली होती." एका मुलाने तर स्वतः माझ्याहून काळा असताना हे म्हटलं. मी त्याच्या तोंडावर म्हणाले, "तुमचा फोटो तरी कुठे तुमच्यासारखा होता?" ती सोयरीक मोडली, भाऊ चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला तिळमात्र पश्चात्ताप झाला नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीला मला धुळ्याच्या एका शाळेत हंगामी नोकरी लागली आणि मी अक्काकडे देवपुरात राहायला गेले. अक्काची मुलगी तेव्हा पाच वर्षांची. माझी भाची. ती माझ्यावर गेली. रंग, कपाळ, उभं राहायची ढब, सगळं माझं. अक्काच्या सासूबाई ती जन्मली तेव्हा दवाखान्यात म्हणाल्या होत्या, "आईसारखी झाली असती तर काळजी नव्हती." पोरीला जगात येऊन एक तास झाला नव्हता आणि तिची काळजी सुरू झाली होती.

भाऊजींनी त्या वर्षी सीडी लावायचं यंत्र घेतलं होतं. आग्रा रोडला एक सीडी भाड्याने देणारं दुकान होतं. तिथे प्लास्टिकच्या पाकिटात सीड्या असायच्या आणि वर कव्हराची झेरॉक्स चिकटवलेली, काळी-पांढरी. मी शाळेतून येताना भाचीसाठी काहीतरी बघत होते आणि एका पाकिटावर होडी दिसली. होडीत मुलगी. मुलीजवळ शेळी. मी दुकानात मोठ्याने ओरडले, "अगं बाई!" दुकानदार दचकला. घरी येईपर्यंत मी रिक्षात ते पाकीट मांडीवर घट्ट धरून बसले होते. मला एवढंच वाटत होतं की या पोरीला आता ती भेटेल. माझ्या लहानपणातल्या सगळ्या चांगल्या गोष्टींतली हीच एक गोष्ट तिला जशीच्या तशी देता येण्यासारखी होती. तिलाही गिरणीवाले असणार होते, पाहुणे असणार होते. त्यांच्या आधी होडीवाली तिच्यापर्यंत पोचायला हवी होती.

आम्ही सगळे बसलो. भाची माझ्या मांडीवर. संगीत सुरू झालं, तेच संगीत. होडी आली. होडीत एक गुलाबी मुलगी बसली होती.

मला वाटलं टीव्हीचं सेटिंग बिघडलंय. खरंच. मी रिमोट घेतला आणि रंग कमी-जास्त करायला लागले. भाऊजी म्हणाले, "टीव्हीला काय झालं? छान तर दिसतंय." छान दिसत होतं. गुलाबी गाल, वाळल्या गवताच्या रंगाचे केस, निळे डोळे. मी रंग पार कमी केला तेव्हा ती पांढरी झाली. तपकिरी काही केल्या होईना. मी रिमोट खाली ठेवला.

मग चोर आले. भर दुपारी आले, रात्री नाही. आणि ते तपकिरी होते. सगळीच्या सगळी टोळी. माझा रंग, भाऊंचा रंग, मांडीवर बसलेल्या पोरीचा रंग, चित्रकाराने काय सुरेख पकडला होता! बसकी नाकं, जाड ओठ, डोंगरातल्या गुहेत राहणारी, मोठ्याने खिदळणारी माणसं. टोळीची म्होरकी एक बाई होती. तिच्या हातात जाड कडी, गळ्यात चांदीच्या माळा. अशी कडी, अशा माळा घालून सातपुड्यातल्या बाया शिरपूरच्या बाजाराला यायच्या. आईने जन्मभर त्यांच्याकडून डिंक आणि मोहाची फुलं घेतली. त्यांनी कधी तिला मापात मारलं नाही. मारलं ते पेठेतल्या गोऱ्यागोमट्या व्यापाऱ्यांनी. पण परदेशात बसलेल्या त्या चित्रकाराला चोर काढायचा होता, आणि चोर म्हटल्याबरोबर त्याच्या हाताला आपोआप तपकिरी रंगाची बाटली लागली.

एवढ्यावरही मी गप्प बसले असते. म्हटलं असतं, परके लोक, त्यांना आपली काय माहिती. पण या सीडीत हिंदी बोलणं भरलेलं होतं. पूर्वी मुक्या असलेल्या शेळीलाही आता तोंड फुटलं होतं. ती म्होरकी झाडामागून बाहेर आली तशी शेळी ओरडली, "भागो, कलूटी आई!" आणि मागे हसण्याचा आवाज. हा शब्द परदेशातून आलेला नव्हता. तो इथेच, आपल्यातल्याच कोणीतरी, पगार घेऊन, चांगल्या खोलीत पंख्याखाली बसून लिहिला. दुसऱ्या कोणीतरी तो शेळीच्या आवाजात म्हटला. तिसऱ्याने ऐकून मान हलवली. तिघांपैकी एकाच्याही घरात काळी मुलगी नव्हती का? असणारच. या देशात कोणाच्या घरात नाही?

भाची हसली. सगळे हसले म्हणून हसली. मग तिने त्या म्होरकीकडे नीट बघितलं, मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा आनंदाने उजळला. "मावशी!" ती टाळी वाजवून म्हणाली, "ही तर तू!" तिला मी सापडले होते. टीव्हीत आपली मावशी सापडली म्हणून ती खूश होती.

दुसऱ्या दिवशी मी सीडी परत करायला गेले आणि दुकानदाराशी भांडले. भांडले म्हणजे एकटीच बोलले. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, ही तर फार चालते. पोरं दोन दोनदा नेतात. तुम्हाला दुसरी देऊ का? माकडाची आहे." मी म्हटलं, त्यातलं माकड कोणत्या रंगाचं आहे ते आधी बघून सांगा. त्याने खरोखरच पाकीट उलटसुलट करून बघितलं. झेरॉक्स होती, त्याला काही कळलं नाही.

घरी भाऊजी म्हणाले, "तू फार खोलात शिरतेस." भाऊजी माणूस वाईट नाही. पण पोरीला आवडली म्हणून त्याच आठवड्यात त्यांनी तीच सीडी विकत आणली, अख्खा संच. आता ती घरात रोज लागायला लागली. मी खोलीत जाऊन दार लावून घ्यायची तरी शेळीचा आवाज यायचाच.

मग एका सकाळी मोरीत अक्का पोरीला आंघोळ घालताना दिसली. डाळीचं पीठ, साय आणि हळद कालवून ती पोरीच्या मानेला, कोपरांना खसाखसा चोळत होती. पोर "आई, दुखतंय" म्हणत होती. मी विचारलं, "काय चाललंय?" अक्का म्हणाली, "तिच्या भल्याचंच चाललंय. पुढे तुझ्यासारखं व्हायला नको." बोलून गेली आणि मग जीभ चावली. पण बाण सुटला होता. मी म्हटलं, "माझ्यासारखं व्हायला तू गच्चीवर जाऊन बसली होतीस. ओकेपर्यंत बसली होतीस. विसरलीस?" अक्काने बादलीत तांब्या बुडवला. मग पाण्याचा तांब्या पोरीच्या डोक्यावर ओतत म्हणाली, "तेव्हा मला कुठे माहीत होतं, ती गोरी आहे म्हणून."

हे उत्तर मी आजपर्यंत चघळते आहे. तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, आणि तिला माफही करता येत नाही.

त्या पंधरवड्यात आई जळगावहून आली. मी तिला सगळी हकिकत सांगितली. वाटलं होतं तीही भडकेल. ती शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "माले ठाऊक व्हतं."

"काय ठाऊक होतं?"

"ती गोरी शे ते. पिवळी काचना मांगे बगळाबी पिवळा दिसस. इतलं माले समजत नव्हतं का?"

एवढी वर्षं! सगळी ओळ टीव्हीसमोर बसलेली, बायका माझ्या नावाने हाका मारताहेत, मी छाती पुढे काढून पुढे बसलेली, आणि ही मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ओळखून होती. मी चिडून विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"कसाले सांगू? तू इतली खूश व्हती," आई म्हणाली आणि शेंगांची टरफलं सुपात गोळा करायला लागली. मग उठून मोरीकडे गेली, तिथे अक्काचं पीठ कालवणं चालू होतं. तिच्या हातातली वाटी काढून घेत म्हणाली, "पोरले घासी घासी काय करशी? तांबानं भांडं शे का ती?" आई धुळ्यात होती तोवर चोळणं बंद राहिलं. ती जळगावला परतल्यावर पुन्हा सुरू झालं.

मी माझ्या परीने लढत होते. भाचीला रोज रात्री जेवताना मी होडीवालीच्या जुन्या गोष्टी सांगायची, आमच्या होडीवालीच्या, तपकिरी. ती मन लावून ऐकायची. मी विचारायची, "होडीवाली कशी दिसायची?" ती म्हणायची, "तुझ्यासारखी." मला वाटायचं, जिंकले. मग मी एकदा विचारलं, "आणि तुझ्यासारखी पण ना?" तेव्हा ती म्हणाली, "हो, तुझ्या गोष्टीतली." पोर मला नाराज करत नव्हती, पण माझी गोष्ट तिच्या लेखी वेगळी आणि टीव्हीतली खरी होती. रंगीत टीव्हीत जे रंगीत दिसतं ते खरं, यात तिचा काय दोष? लहानपणी आम्हीही टीव्हीचंच खरं मानलं होतं. फक्त आमच्या नशिबाने आमचा टीव्ही खोटं बोलला.

नाताळच्या सुट्टीतली दुपार होती. अक्काच्या अंगणात गल्लीतली सात-आठ मुलं जमली होती. त्यांनी खाट उलटी टाकून होडी केली होती, कोणाच्या तरी घरची खरी शेळीही ओढून आणली होती. मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते. मुलं अजून कोण काय होणार ते ठरवत होती, आरडाओरडा चालला होता. माझी भाची त्या घोळक्यात नव्हती. ती एकटीच धुण्याच्या दगडामागे गेली, तिथे पडलेलं रिकामं पोतं उचललं, खांद्यावर टाकलं आणि दबा धरून बसली. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. चोर व्हायला ती आपली आपण जाऊन बसली होती.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वह्या टाकून अंगणात उतरले आणि मोठ्याने म्हटलं, "आज होडीवाली ही होणार." मुलं चटकन गप्प झाली. शाळेतल्या बाईंचा आवाज होता तो. खाटेवर चढून बसलेली, दोन वेण्या घातलेली दहा वर्षांची मुलगी लगेच उतरली आणि म्हणाली, "चालेल ना मावशी. होऊ दे तिला." चांगली मुलं होती सगळी. एकानेही तोंड वाकडं केलं नाही. मी भाचीला हाक मारली, "ये. बस होडीत."

ती पोतं घेऊनच माझ्याजवळ आली. माझा हात धरून तिने मला खाली वाकवलं, कानाला तोंड लावलं, आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये, मला वाईट वाटू नये, अशा बेताने अगदी हळू म्हणाली, "नको मावशी. मी झाले तर ते खोटं वाटेल ना."

आणि माझा गाल थोपटून ती परत दगडामागे गेली. खेळ सुरू झाला. ती चोर फार सुंदर झाली. मोठ्याने खिदळत, पोतं फिरवत, डोळे वटारत अशी धावून आली की शेळी खरोखर बिथरली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी अंगणाच्या मधोमध संतापून उभी होते, आणि ज्याच्यावर ओरडावं असं तिथे एकही माणूस नव्हतं.